घाटावरचा सरदार

ही गोष्ट माझ्या तोंडून आज पहिल्यांदाच बाहेर पडतेय. नवऱ्याला ती माहीत नाही, मुलींना माहीत नाही. आईला थोडा संशय होता, पण आई गेली आणि संशयही तिच्याबरोबर गेला. तुम्हालाच का सांगतेय? — ते मलाही नीट ठाऊक नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. स्वतःला कधी उभं केलं नाही, एवढं खरं.

घाबरू नका, खून-दरोडा नाही. शिवणकामाची गोष्ट आहे.

गोवा राज्य झालं त्याच्या आधीची ती वर्षं. आमच्या घरी, पेडण्याजवळच्या पार्श्याला, सकाळच्या चहापासून भाषेचा वाद सुरू व्हायचा. बाबा मराठी शाळेत मास्तर. राजभाषा मराठीच झाली पाहिजे म्हणून ते सभांना जात, आणि घरी आल्यावर आईला त्या सभेचा वृत्तांत सांगत — कोंकणीतून. ह्यात काही विचित्र आहे असं तेव्हा आम्हाला कधी वाटलं नाही. घरात बोलायची ती एक, आणि वाचायची, लिहायची, देवापुढं म्हणायची ती दुसरी, दोन्ही आपल्याच. भांडण लागलं तेव्हा मात्र प्रत्येकाला एक बाजू घ्यावी लागली, आणि मी बाबांची घेतली. म्हापशाच्या कॉलेजात आमचा वर्गच दुभंगला होता. माझी जिवाभावाची मैत्रीण शैला कोंकणीच्या बाजूची. आम्ही एकाच डब्यात जेवायचो आणि जेवताना एकमेकींना टोमणे मारायचो.

अशा दिवसांत आमच्या इतिहासाच्या सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. वर्गात त्यांनी सांगितलं, की एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्यापीठांचे विद्यार्थी मोठमोठ्या ऐतिहासिक मिरवणुका काढत. कुणी राजा व्हायचा, कुणी सरदार, कुणी शिंग फुंकणारा. जुना एखादा राजा गावात कसा शिरला तो प्रसंग हुबेहूब उभा करायचा, आणि सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. टोपीवरचं पीस, पट्ट्याचं बक्कल, कोटाचं बटण — सगळं त्या काळातलंच हवं. त्यावरून पोरांची भांडणं व्हायची म्हणे. सरांकडे एक जुनं सचित्र पुस्तक होतं, ते त्यांनी बाकाबाकावर फिरवलं. मखमलीच्या कपड्यांतली ती गोरी पोरं घोड्यांवर इतकी ऐटीत बसली होती, की इतिहास बाजूलाच राहावा.

“आपण काढूया,” सर म्हणाले. “पेडण्यात काढूया.”

सरदार कोण, ह्यावरून पहिल्याच दिवशी जुंपली. कुठलंही नाव घेतलं की अर्धा वर्ग उठून उभा राहायचा. शेवटी सरांनी नावच काढून टाकलं. ‘घाट उतरून आलेला सरदार’, एवढंच. सरदार आपल्या माणसांसह घाट उतरून पेडण्यात येतो, भगवतीच्या देवळापाशी घोड्यावरून उतरतो आणि चार वाक्यं बोलतो. गावकरी त्याचं स्वागत करतात. सरदार मराठीत बोलेल, गावकरी कोंकणीत. ही सरांची तडजोड. तडजोड होती म्हणून दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या.

आता सरदार व्हायचं कुणी? त्या पुस्तकातल्या मिरवणुकांत ज्याचा बाप श्रीमंत तो राजा व्हायचा, कारण पोशाखाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. सर म्हणाले, आपल्यात तसलं नको. घोड्यावर ज्याला बसता येतं तो सरदार. आणि सगळ्या वर्गात घोड्यावर बसता येणारा एकच निघाला — दशरथ मगदूम.

दशरथ गडहिंग्लजकडचा. त्याचे वडील तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर होते, आणि सुट्टीच्या दिवशी दशरथही तिथं बदलीवर जायचा. अंगानं आडवा, खांदे रुंद, बोलणं कमी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. गावच्या जत्रेत लहानपणापासून घोडी पळवलेली, त्यामुळं लगाम हातात घेतला की माणूस बदलून जायचा. सरावासाठी सावंतवाडीकडून लग्नाच्या वरातीचा एक घोडा आणला होता. वाजंत्री ऐकल्याशिवाय पाऊल न उचलणारा, भलता हट्टी. दशरथनं त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि पाठीवर बसून मैदानाला फेरी मारली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून.

पोशाखांचं काम माझ्याकडं. आमच्या घरी शिलाई मशीन होतं, गावातल्या बायकांची पोलकी मीच शिवायची. सरदारासाठी जांभळ्या मखमलीचा अंगरखा करायचा ठरला. दशरथ सायकलवरून पार्श्याला आला, मापाला म्हणून स्वतःचा एक सदरा घेऊन. सदरा धुतलेला होता, तरी त्याला मशीनच्या तेलाचा वास होता. तो मी दोन बोटांत धरला. पुढं कच्च्या टाक्यांवर अंगरखा घालून बघायला तो पुन्हा आला, तेव्हा आईनं त्याला उंडे पाव आणि चहा दिला. चहा दिला तो स्टीलच्या पेल्यातून. कप घरात होते. कप सरांसाठी काढायचे. ह्या गोष्टी मी उगाच सांगत नाही. पुढं जे केलं ते केवळ भाषेच्या तिरीमिरीत केलं असं तुम्हाला वाटायला नको.

अंगरखा त्याला बसला. नुसता बसला नाही — शोभला. तो आमच्या आरशासमोर उभा राहिला आणि लाजून म्हणाला, “आमच्या आईला ह्यातलं काय खरं वाटायचं न्हाई बगा.” त्याची आई आणि दोन मामा मिरवणूक बघायला गावाहून एसटीनं यायचे होते. वडिलांनी त्या दिवसाची रजा टाकली होती. तुयेंला राहायला आल्यापासून त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. कारखान्यात ते ‘मशीनवाला’ आणि बाजारात ‘घाटी’. मुलगा सरदार होऊन भर पेडण्यातून घोड्यावर जाणार, ह्याचा त्या घरात काय सोहळा असेल, ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग बिनसलं कुठं?

बोलण्याच्या तालमीत. सरदाराची वाक्यं मीच लिहिली होती. ‘आम्ही येथे राहावयास आलो आहोत’, अशी, पुस्तकी. दशरथ ती आपल्या तोंडानं म्हणाला — “आमी हितं ऱ्हायाला आलोय.” सगळे हसले. मी त्याला दुरुस्त केलं, तो पुन्हा तसंच म्हणाला. सर मात्र खूश. ते म्हणाले, “राहू दे गं सुनंदा. खरा सरदार ह्याच बोलीत बोलला असता.”

आणि तेवढ्यात शैला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पळय गो, तुमच्या मराठीक सरदार लेगीत घाटावयल्यान हाडचो पडटा!”

तुमच्या मराठीला साधा सरदारसुद्धा घाटावरून आणावा लागतो — एवढंच. ती थट्टेत बोलली आणि विसरून गेली. मला ते असं झोंबलं, की त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाबा सभांतून हेच तर ओरडून सांगत होते ना, की मराठी ह्या मातीतली आहे, बाहेरून आलेली नाही! आणि आता सगळ्या पेडण्यासमोर मराठी बोलणार कोण, तर कारखान्यातला घाटी. त्यापेक्षा प्रसाद किती बरा. प्रसाद आमच्याच वर्गातला, गोव्यातल्याच डिचोलीचा. चणीनं बारीक, दिसायला देखणा. मराठी बोलायचा आमच्यासारखं, जरा गोड, जरा नाकात. नाही, माझं त्याच्यावर मन बसलं नव्हतं. तसं असतं तर सांगायला किती सोपं गेलं असतं.

तुम्ही म्हणाल, शैलाचा राग शैलावर काढायचा. वड्याचं तेल वांग्यावर कशाला? बरोबर आहे. पण शैला माझी मैत्रीण होती, आणि दशरथ माझा कोणी नव्हता.

मिरवणुकीच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी अंगरखा उसवला. आई जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, “बरी शिवण कित्याक उसवता गो?” मी म्हटलं, टीप वाकडी आलीय. मग मी दोन्ही कुशी आत घेतल्या, बाह्यांचे मुंढे आवळले, पाठीत एक चूण घातली. प्रसादची अंगलट डोळ्यांसमोर धरून शिवत गेले. हात इतका चांगला कधी चालला नसेल. आई एकदाच मान वर करून माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं सूप उचललं आणि आत गेली.

इथवर सांगणं तसं सोपं आहे. शिवण आवळली, म्हणजे उसवताही आली असती. पुढचं सांगते.

शिवणारा कुणीही आत थोडा कपडा राखतो. अंग भरतं, माणूस वाढतो, तेव्हा शिवण सोडून कपडा वाढवता यावा म्हणून. शिंपी त्याला मार्जिन म्हणतात. कुंचीपासून नवरदेवाच्या कोटापर्यंत, मार्जिन ठेवत नाही असा शिवणारा नाही. मीही अंगरख्याला बक्कळ ठेवलं होतं. त्या दुपारी आवळलेल्या टिपेच्या अगदी कडेनं मी ते कापून टाकलं. मखमलीच्या त्या जांभळ्या पट्ट्या चुलीत घातल्या. मखमल जळताना वास येतो, म्हणून वरून नारळाच्या चार करवंट्या टाकल्या. आता सांगा — ही काय तिरीमिरी झाली?

मिरवणुकीच्या सकाळी पेडण्यातल्या एका शाळेच्या ओसरीवर सगळ्यांचे पोशाख चढत होते. दशरथनं अंगरख्याच्या एका बाहीत हात घातला, दुसऱ्या बाहीत घातला, आणि खांदे वर केले तशी मुंढ्यातली टीप टर्रकन गेली. कुणीतरी ओरडलं, “घाटी आंग तें, मखमलींत मावचें ना!” सगळी ओसरी हसली. मी हसले नाही. पण ते चांगुलपणानं नव्हे. मी खाली वाकून फाटलंय कुठं ते बघत होते, म्हणजे माझं तोंड कुणाला दिसू नये.

धावत आली ती शैलाच. “शिवण सोड गो,” ती म्हणाली. “भितर कपडो आसतलो मगे?”

मी म्हटलं, “ना.”

हे खोटं नव्हतं, बरं का! आत कपडा नव्हताच.

सर म्हणाले, मग नुसता शेला पांघरून बसू दे त्याला, लांबून कोणाला कळतंय? इथं मला गप्प बसता आलं असतं. मुद्दाम काही करायचंही नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं, आणि दशरथ घोड्यावर बसला असता. पण मी म्हटलं, “सर, ऐतिहासिक वेशभूषेची मिरवणूक आहे. बटणसुद्धा त्या काळातलं हवं असं तुम्हीच सांगितलंत. सरदार काय सदऱ्यावर शेला घेऊन येणार?” त्यांचंच वाक्य होतं, त्यांना ते खोडता येईना. मग कुणीतरी प्रसादचं नाव घेतलं. ते मी घेतलं नाही. मला घ्यावं लागलंच नाही. गेलेली टीप मी तिथल्या तिथं हातानं घातली, आणि अंगरखा प्रसादला असा चपखल बसला की सगळ्यांनी माझ्या शिवणकामाचं कौतुक केलं. दुसऱ्याच्या मापाचा कपडा ह्याला इतका बरोबर कसा बसला, हे कुणी विचारलं नाही. मी करून सवरून नामानिराळी राहिले.

दशरथ ओसरीच्या टोकाला उभा होता. मला वाटलं, आता हा विचारणार — माझ्या अंगाला बसलेला तुम्ही स्वतः बघितला होता, मग आता काय झालं? विचारायचा हक्क होता त्याला. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “माझंच चुकलं बगा. आई आल्यापास्नं लईच जेवलोय. तुमचं एवढं कापड खराब केलं की वो मी.”

त्यानं माझी माफी मागितली. आणि मी काय म्हटलं, माहिती आहे? “असू दे,” म्हटलं. त्याला माफ केलं मी.

प्रसाद घोड्याला भीत होता. घोडा एक पाऊल पुढं टाकेना. तेव्हा दशरथ आपणहून म्हणाला, मी धरतो. मावळ्याचा एक जुना सदरा त्यानं चढवला, लगाम हातात घेतला आणि सरदाराच्या घोड्याशेजारून तो सगळ्या पेडण्यातून चालत गेला. भगवतीच्या देवळासमोरच्या दगडी हत्तींपाशी त्याच्या घरचे उभे होते. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. वडील मान उंच करून घोड्यावर बघत होते, मग त्यांनी खाली बघितलं. मुलाला घोड्यावरून उतरल्यावर बांधायला म्हणून त्यांनी गावाकडचा कोरा फेटा आणला होता. तो पिशवीतून अर्धा बाहेर आलेला मी बघितला. त्यांनी तो परत आत सरकवला आणि पिशवीचे बंद आवळले. दशरथनं त्यांच्याकडं बघून हात केला. आई तेवढी हसली.

प्रसाद माझी वाक्यं सुरेख बोलला. टाळ्या पडल्या. बाबा गर्दीतून पुढं येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हाका म्हणटात मराठी! आपल्या मातयेंतलो सरदार.” मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही. त्या क्षणी मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला पुढं दोन-तीन वर्षं जावी लागली.

त्या सहामाहीनंतर दशरथ कॉलेजात दिसेनासा झाला. तुयेंच्या कारखान्यात कायम झाला असं कळलं. म्हणणारा म्हणेल, की तो तसाही गेलाच असता, घरची ओढाताण होती. असेल. मी ते म्हणणार नाही. एकदा त्याला पेडण्याच्या बाजारात बघून मी कापडाच्या दुकानात शिरले आणि तो जाईपर्यंत कुठलीशी छिटं बघत बसले. आज सांगू, उद्या सांगू, असं किती वेळा मनात आलं. मग मी शाळेत लागले, लग्न झालं, राज्य झालं. दोन्ही भाषांचं जे व्हायचं ते झालं. शैला माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्यापाशी राहिली. तिलाही सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

गेल्या वर्षी दशरथच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. ती माझी विद्यार्थिनी, म्हणून पत्रिका द्यायला दोघं नवराबायको घरी आले. लग्न तुयेंलाच होतं. दशरथ आता अस्सल पेडणेकरासारखं कोंकणी बोलतो. नातेवाइकांशी बोलताना तेवढं गडहिंग्लज तोंडात येतं. मांडवात त्यानं मला हाताला धरून व्याह्यांसमोर नेलं. म्हणाला, “ह्या आमच्या बाई. कॉलेजात असताना ह्यांनी माझ्यासाठी मखमलीचा अंगरखा शिवलेला, सरदाराचा. पण आपलं अंग पडलं घाटी! टर्रकन फाडला मी. सगळं पेडणं हसलं.” आणि तो पोट धरून हसला. त्याच्या बायकोनं, मुलीनं, मुलानं ही गोष्ट शंभरदा ऐकलेली असावी. ‘टर्रकन’ला ते सगळे एकदमच हसले. कुठं हसायचं ते व्याह्यांनाही कळलं.

मीही हसले. म्हटलं, “हो हो, काय ती फजिती!” दशरथच्या बायकोनं माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला, आणि तो मी खाल्ला.